चोक, दोरी आणि मे महिना

कडेगावात बोटीचा विषय काढला तर लोक हसतील. येरळेच्या खोऱ्यातला हा दुष्काळी पट्टा. कृष्णेचं पाणी इथं आलं तेसुद्धा ताकारी आणि टेंभू योजनांच्या पंपांनी उचलून. पण हीच येरळा खाली पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते आणि तिथली तऱ्हा उलटी आहे. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांवर गेली. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून अनेकांचे जीव गेले. तेव्हापासून बोटी किती, लाइफ जॅकेटं किती, याची विचारणा पावसाळ्याच्या तोंडावर होतेच. बोटीच्या मागं लटकणारं इंजिन दोरीच्या दोन-चार ओढीत सुरू होतं का, हे मात्र फार कमी जण विचारतात.

हे इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर, बचाव पथकांच्या भाषेत ‘ओबीएम’. वर इंजिन, मधे उभा दांडा, खाली पाण्यात पंखा. दोन क्लॅम्पांनी बोटीच्या मागच्या फळीला आवळायचं आणि हँडलच्या मुठीनं वेग सांभाळत दिशा धरायची. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९मध्ये ही जात बाजारात रुजवली. पुण्याजवळच्या सुदुंबरे इथल्या एनडीआरएफच्या पाचव्या तुकडीचे जवान पुरात येतात, तेव्हा त्यांच्या रबरी बोटींना हीच मोटर असते. कोकणातले लहान होडीवालेही ती वापरतात. कित्येक जण पेट्रोलवर सुरू करून, इंजिन तापलं की रॉकेलवर घेतात. आपल्याकडे विहिरीवर पेट्रोल-रॉकेलची इंजिनं ज्यांनी चालवली, त्यांना ही रीत नवी नाही.

रॉकेल थंड इंजिनात पेटत नाही, कारण त्याची वाफ होत नाही. पेट्रोलची होते, पण तीही पुरेशी नाही. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. थंड इंजिनात पेट्रोलचा बराचसा भाग थेंबांच्या रूपात नळीच्या भिंतींना चिकटून राहतो आणि ठिणगीपर्यंत पोचतं ते मिश्रण पातळ पडतं. त्यात हातानं दोरी ओढली की इंजिन फिरतं हळू. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगानं गेली तरच ती जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, पेट्रोल खेचते. हवा मंद असली की ओढच लागत नाही. म्हणून जुलैतल्या सांगलीत, जिथं थंडी म्हणावी अशी नसते, तिथंही चोक लागतो.

चोक म्हणजे गळ्याच्या तोंडाशी बसवलेली पितळी किंवा प्लास्टिकची झडप. बटण ओढलं की ती आडवी होऊन हवेची वाट अडवते. पिस्टनची ओढ मग सगळी जेटवर येते आणि पेट्रोल जादा येतं. या जादा पेट्रोलमधला थोडा भाग जरी वाफ झाला तरी पहिला भडका उडतो. त्यानंतर झडप उघडायलाच हवी, नाहीतर तेच पेट्रोल प्लग भिजवतं. ‘ओव्हर झालं’ असं मिस्त्री म्हणतात ते हेच. घाबरलेला माणूस चोक ओढून पंधरा वेळा दोरी खेचतो, आणि चालू होणारं इंजिन स्वतःच्या हातानं बंद पाडतो. अशा वेळी चोक पूर्ण आत, मूठ पूर्ण उघडी आणि दोरीच्या चार-सहा ओढी. तरीही ऐकलं नाही तर प्लग काढून पुसायचा.

जोडणी तपासायची ती इंजिन थंड असतानाच. कार्ब्युरेटरसमोरचं हवेचं झाकण काढायचं. बटण आत ढकललेलं असताना झडप हवेच्या रेषेत पूर्ण उघडी दिसली पाहिजे. पूर्ण ओढल्यावर कडेनं फट राहता कामा नये. फरक दिसला तर दांडीचा किंवा केबलचा स्क्रू सैल करायचा, झडप बोटानं पूर्ण उघडी धरायची, बटण आत ठेवायचं आणि केसभर ढील ठेवून स्क्रू आवळायचा. ही ढील ठेवली नाही तर झडप कायम अर्धवट ओढलेली राहते. मग इंजिन तापल्यावर काळा धूर सोडतं, प्लगवर काजळी धरतं आणि बारीक चालवलं की मरतं. दोन-तीन कार्ब्युरेटर असतील तर सगळ्या झडपा एकाच वेळी मिटतात का, हेही बघायचं. आयडलिंगचा स्क्रू हलवायचा तो इंजिन तापल्यावर. थंड इंजिनावर लावलेली सेटिंग गरम झाल्यावर फसवते. आणि हे सगळं करताना इंजिनाचं खालचं टोक पाण्याच्या बॅरलमध्ये बुडालेलं हवं. कोरडं चालवलं तर थंडाव्याच्या पंपाचं रबरी चक्र मिनिटाभरात जळतं.

एवढं करूनही पुराच्या रात्री इंजिन सुरू होत नाही तेव्हा सगळे चोकवर राग काढतात. चूक बहुतेकदा दुसरीकडे असते. कधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिलेला असतो, कधी नळीतला रबरी बल्ब कडक होईपर्यंत दाबलेला नसतो, कधी बंद करायच्या बटणाची लाल दोरी जागेवर नसते. या तीन गोष्टी जागेवर उभ्या उभ्या सुधारता येतात. चौथी नाही. मागच्या वर्षीचं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वाटीत राहून आटलेलं असतं आणि त्याचा चिकट थर जेटच्या सुईएवढ्या भोकात बसलेला असतो. भोकच बुजलं तर चोकनं कितीही ओढ लावली तरी येणार काय?

यात एक गंमत उसाच्या पट्ट्यालाच कळेल. कडेगाव तालुक्यात वांगीला सोनहिरा साखर कारखाना आहे; आजूबाजूला उसाचंच राज्य. याच उसापासून होणारं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. रोज धावणाऱ्या गाडीत ते जळून जातं. दहा महिने कोपऱ्यात पडलेल्या बोटीच्या टाकीत मात्र ते हवेतला ओलावा शोषतं. पाणी फार झालं की इथेनॉलसह खाली बसतं, आणि नळीचं तोंड नेमकं तळाशी असतं. म्हणजे ठेवणीतल्या पेट्रोलचं आयुष्य पूर्वीपेक्षा कमी झालंय, आणि पूरबोट हे तर सगळं ठेवणीतलंच यंत्र.

चोक ओळखणारी माणसंही कमी होत आहेत. कडेगाव, पलूस, विट्याच्या गॅरेजांत एक पिढी चोकवरच शिकली. स्कूटर आडवी करून सुरू करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीला काय झालंय हे ती पिढी आवाजावरून सांगे. १ एप्रिल २०२०पासून धुराचं बीएस-६ मानक आलं आणि बहुतेक नव्या दुचाकींत फ्युएल इंजेक्शन बसलं. तापमान सेन्सर मोजतो, पेट्रोल किती सोडायचं ते कंप्युटर ठरवतो. आज गॅरेजात येणाऱ्या नव्या पोराला स्कॅनर जोडता येतो. वाटी उघडून जेट हवेनं फुंकायची सवय त्याला लागायचं कारणच उरलेलं नाही. पूरबोटींची कार्ब्युरेटरवाली इंजिनं मात्र अजून बरीच वर्षं टिकतील, कारण ती फारशी चालतच नाहीत.

कामांची यादी लहान आहे आणि तिला फारसा खर्चही लागत नाही. पाणी ओसरलं की नळी काढून इंजिन बॅरलमध्ये आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे वाटी रिकामी होते. उरलेलं पेट्रोल मोटारसायकलीत वापरायचं; टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं असेल तर वेगळं काढायचं. मे महिन्यात वाटी उघडून जेट साफ करायचे, चोकची दांडी बघायची, नवा प्लग घालायचा, नवं पेट्रोल भरायचं आणि बॅरलमध्ये इंजिन सुरू करून दाखवायचं. त्यानंतर पावसाळा संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी एकदा दोरी ओढायची.

हे करायला माणूस नेमावा लागतो, आणि गाडी अडते ती तिथंच. बोटीच्या खरेदीला ठराव होतो, निविदा निघते, हार-नारळ होतो. दोरी ओढणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच ठरावात नसतं. नदीकाठच्या ग्रामपंचायतीनं बोटीच्या नोंदवहीत दोनच रकाने वाढवावेत: इंजिन शेवटचं कधी सुरू केलं आणि कोणी केलं. ते रकाने भरलेले असतील तर पुराच्या रात्री चोक आपलं काम करेल.