बैलाला हक्क असतो काय?

पनवेल-उरण परिसरातील चिरनेर हे गाव तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असेल. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथील आणि आसपासच्या गावांतील आगरी, कराडी, कातकरी मंडळी कोयते घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहासाठी गेली. गोळीबार झाला, माणसे प्राणास मुकली. जंगलावर आमचाही हक्क आहे, हे त्यांचे म्हणणे त्यांनी कायदा मोडून, स्वतःच्या तोंडाने सांगितले. त्यांच्या गोठ्यातल्या बैलाला काही सांगायचे असते, तर ते कोणी आणि कोणापुढे सांगायचे?

बोलता येत नाही म्हणून हक्क नाही, असे कायदा मुळीच म्हणत नाही. तान्ह्या मुलाचे हक्क पालकामार्फत सांभाळले जातात. चिरनेरला महागणपतीचे जुने देऊळ आहे. प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ असते. तिच्या नावाने जमीन असू शकते, तिच्या वतीने दावा लावता येतो. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने एका खटल्यात हे स्पष्ट केले. केवळ कागदावर जन्मलेली कंपनीसुद्धा ‘व्यक्ती’च. बैल मात्र, ज्याला भूक लागते आणि मार लागला की दुखते, तो कायद्यात मालकाची ‘वस्तू’ आहे!

मग प्राण्यांसाठी कायदा नाही काय? आहे. १९६० सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने जनावरांना मारणे, उपाशी ठेवणे, झेपणार नाही एवढे ओझे लादणे हे गुन्हे ठरविले. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये! शिवाय खच्चीकरणासारख्या काही गोष्टी या कायद्याने क्रूरतेतून वगळल्या आहेत. म्हणजे खोंडाचा बैल करण्याची क्रियाच कायद्याच्या बाहेर राहिली. येथे एक फरक नीट लक्षात घ्या. हा कायदा माणसावर कर्तव्य लादतो, पण बैलाला स्वतःचे असे काही देत नाही.

हा फरक न्यायालयात गाजला तो शर्यतींमुळे. अलिबागच्या किनाऱ्यावर, पुण्याकडच्या घाटांत, विदर्भातल्या शंकरपटांत बैल पळविण्याची हौस जुनी आहे. बैल जोरात पळावा म्हणून आसूड ओढणे, पराणी टोचणे, शेपटी पिरगाळणे हे प्रकार चालत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील शर्यती, दोन्हींवर बंदी घातली. न्यायालयाने बैलाच्या शरीररचनेकडेही पाहिले. घोडा विषमखुरी, एकाच खुरावर धावणारा. बैल समखुरी आणि रवंथ करणारा, ओढकामाचा प्राणी. शर्यतीसाठी त्याचे शरीर घडलेले नाही, असे न्यायालयाचे मत पडले. भूक-तहान, गैरसोय, वेदना व रोग, भीती यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक, अशी पाच स्वातंत्र्ये प्राण्यांना मिळावीत, असे सांगून संसदेने त्यांच्या हक्कांना घटनात्मक दर्जा द्यावा, अशी अपेक्षाही व्यक्त केली.

पुढे २०१७ साली महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून शर्यतींना वाट करून दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्यांना अटकाव केला, तर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अटींसह पुन्हा सुरू करू दिल्या. अखेर १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा कायदा वैध ठरविला. प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचा दाखला आपल्या घटनेत सापडत नाही, तो प्रश्न विधिमंडळांनी सोडवावा, असा त्याचा आशय होता. हा निकाल निष्ठुर म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. पण हक्क निर्माण करायचे कोणी, न्यायाधीशांनी की लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी, ही शंका खरोखरच महत्त्वाची आहे.

जगातही एकमत नाही. अर्जेंटिनात मेंडोसा येथील प्राणिसंग्रहालयात सेसिलिया नावाची चिंपँझी सोबती मेल्याने एकटी पडली होती. बेकायदा डांबलेल्या माणसाच्या सुटकेसाठी जसा अर्ज करतात, तसाच तिच्यासाठी केला गेला. २०१६ साली न्यायालयाने तिला हक्कधारक मानले आणि २०१७ साली ती ब्राझीलमधील अभयस्थानात गेली. उलट न्यूयॉर्कमध्ये हॅपी नावाच्या हत्तिणीसाठी केलेला असाच अर्ज २०२२ साली पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला. आरशात स्वतःला ओळखणारी म्हणून ती प्रसिद्ध होती!

पुन्हा आपल्या बैलाकडे येऊ. आज शर्यतीचे नियम मोडले, तर महाराष्ट्राच्या दुरुस्तीप्रमाणे पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पन्नास रुपयांच्या मानाने ही मोठीच मजल आहे. मात्र दंडाची रक्कम सरकारजमा होते. ज्याच्या पाठीवर वळ उठले, तो त्या खटल्यात पक्षकार नसतो. आणि न्यायालयाने वेगळा आदेश दिला नाही, तर संध्याकाळी तो त्याच मालकाच्या गोठ्यात बांधला जातो.