लुळा हात आणि हातचे महिने

पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण आणि इंदापूरवरून जातो, गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते आणि त्याच रस्त्यांवरून तरुणांच्या दुचाक्याही धावतात. त्यामुळे खांद्यापासून बोटांपर्यंतच्या मज्जातंतूंची इजा हा बारामती-इंदापूरच्या या मुलखाचाही विषय आहे. दुचाकीस्वार खांद्यावर आपटतो तेव्हा मान एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ओढला जातो आणि मानेतून निघून हाताला हालचाल व संवेदना देणाऱ्या पाच मुळांच्या जाळ्यावर, म्हणजे ब्रेकियल प्लेक्ससवर, सगळा ताण येतो. कधी तंतू नुसते ताणले जातात व आपोआप सावरतात, कधी तुटतात, तर कधी मूळच मज्जारज्जूतून उपटले जाते आणि मग जोडायला दुसरे टोकच उरत नाही. कोयत्याच्या धारदार घावात मात्र तुटलेली टोके हाती लागतात. ती लगेच जोडलेली बरी.

तंतू दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतो आणि तंतूविना पडलेला स्नायू 12 ते 18 महिन्यांनंतर सहसा कामाचा राहत नाही, म्हणून उघडा घाव नसलेल्या, बंद इजेत सुधारणा दिसत नसेल तर शस्त्रक्रिया 3 ते 6 महिन्यांच्या आत व्हावी लागते. मधला भाग गेला असेल तर पोटरीतील सुरल तंतूचा तुकडा कलम म्हणून बसवतात. मूळ उपटले असेल तर शेजारचा चालू तंतू उसना घेतात. 1994 साली फ्रेंच शल्यविशारद ओबेर्लँ यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत दंडातील अल्नर तंतू उघडून त्यातील एकेका जुडीला सौम्य विद्युतस्पर्श देतात, मनगट वाकवणारी एक जुडी निवडून कापतात आणि केसाहून बारीक धाग्याने, सूक्ष्मदर्शकाखाली, दंडाच्या बायसेप्स स्नायूच्या तंतूला जोडतात. पुढे काही महिन्यांनी रुग्ण मनगट वाकवू पाहतो आणि कोपर वाकू लागतो. तेच मेंदूला नव्याने शिकवणे हे फिजिओथेरपीचे काम, आणि ते शस्त्रक्रियेइतकेच चिकाटीचे असते.

वेळ टळून गेल्यावरही सारे संपत नाही. कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांसाठी वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया यांनी स्नायूबंध बदलण्याची, म्हणजे चालू स्नायूची दोरी लुळ्या बोटाकडे वळवण्याची, शस्त्रक्रिया रुजवली आणि आज अपघातग्रस्तांनाही तिचा उपयोग होतो. तरीही ती दुय्यम वाट आहे, कारण तिने मिळते ती मर्यादित पकड. हरवलेली संवेदना नव्हे.

खरी अडचण कौशल्याची कमी आणि उशिराची जास्त आहे. हाड जुळले, प्लास्टर निघाले, हात मात्र हलत नाही आणि ‘नस दबली आहे, येईल हळूहळू’ या समजुतीवर मालिश सुरू होते. तेवढ्यात मोलाचे महिने निघून जातात. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि पुणे सुमारे 100 किलोमीटरवर आहे. अपघातानंतर हात उचलत नसेल, तर घरच्यांनी साधारण 3 ते 4 आठवड्यांनी तंतूंची विद्युत तपासणी करून घ्यावी आणि तिसरा महिना उलटण्यापूर्वी मज्जातंतूंच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाला हात दाखवावा.