सचिन शोधताना तेंडुलकर वगळा

सुरतेजवळच्या सचिन गावाची माहिती गूगलवर शोधायला गेलं की आधी क्रिकेटपटूच समोर येतो. उपाय सोपा आहे. ‘सचिन’पुढे इंग्रजी अक्षरांत ‘साइट’, मग कोलन आणि त्याला चिकटून ‘जीओव्ही डॉट इन’ लिहा. फक्त सरकारी संकेतस्थळांवरची पानं दिसतील. कोलननंतर मोकळी जागा मात्र सोडू नका. नको त्या शब्दाला आधी वजाचं चिन्ह जोडा: -तेंडुलकर. इतिहास हवा असेल तर ‘सचिन संस्थान’ हे दुहेरी अवतरणात टाका. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या वारसाला पेशव्यांशी १७९१ साली झालेल्या करारातून हे संस्थान मिळालं. मराठी वाचकाने ते जरूर शोधावं. आणि शोध मराठी, गुजराती, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत घ्या, प्रत्येकीत निराळी पानं सापडतात.