औषधांना दाद न देणारे जिवाणू : रुग्णालयात कुटुंबाने घ्यावयाची काळजी

शस्त्रक्रिया, बाळंतपण, कर्करोगावरील उपचार आणि अतिदक्षता विभागातील शुश्रूषा यांची सुरक्षितता मोठ्या प्रमाणात प्रतिजैविकांवर अवलंबून असते. मात्र काही जिवाणू आता या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील तज्ज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कार्बापेनेम गटातील प्रभावी औषधांनाही न जुमानणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ जिवाणूंमध्ये ‘एनडीएम-१’ हे जनुक आढळले होते. असे जनुक एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकते.

प्रसार कसा होतो?

प्रतिजैविकामुळे दुर्बल जिवाणू मरतात; प्रतिरोधक जिवाणू मात्र तग धरून वाढतात. रुग्णालयात ते हात, खाटेचे कठडे व उपकरणे यांवरून दुसऱ्या रुग्णापर्यंत पोहोचतात. सलाईन किंवा लघवीची नळी, व्हेंटिलेटर आणि शस्त्रक्रियेची जखम यांतून त्यांना शरीरात वाट मिळते. काही व्यक्तींच्या आतड्यांत असे जिवाणू असूनही कोणतेही लक्षण दिसत नाही.

आधीच्या उपचारांची माहिती द्यावी

त्यामुळे हे जिवाणू रुग्णासोबत एका शहरातून दुसऱ्या शहरात जाऊ शकतात. महादेवपुरा परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी गावाकडील वडीलधाऱ्यांना उपचारासाठी बेंगळुरूला आणताना डिस्चार्ज कार्ड, कल्चर तपासणीचे अहवाल आणि घेतलेल्या प्रतिजैविकांची नावे सोबत ठेवावीत. पूर्वी रुग्णालयात दाखल केले असल्यास भरतीच्या वेळीच सांगावे. यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. या माहितीमुळे योग्य औषध निवडणे व इतर रुग्णांचे रक्षण करणे सुलभ होते.

रुग्णास भेटताना

• स्पर्शापूर्वी व नंतर हात साबणाने ४० ते ६० सेकंद धुवावेत किंवा सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळावे.
• रुग्णाच्या खाटेवर बसू नये. नळ्या व जखमेच्या पट्टीला हात लावू नये.
• ताप, खोकला किंवा जुलाब असल्यास भेट टाळावी.
• ‘आपण हात स्वच्छ केलेत का?’ असे डॉक्टर वा परिचारिकांना नम्रपणे विचारावे. हा रुग्णाचा हक्क आहे.
• ‘ही नळी अजून आवश्यक आहे का?’ असेही रोज विचारावे.

घरी परतल्यावर

लाल रेघ असलेली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. त्यांवर प्रतिजैविक उपयोगी पडत नाही. उरलेल्या गोळ्या साठवू नयेत व दुसऱ्यास देऊ नयेत. डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक मात्र भीतीपोटी नाकारू नये किंवा स्वतःहून मध्येच थांबवू नये.

ताप, थंडी वाजणे, जखमेतून पू येणे, धाप लागणे, लघवी कमी होणे किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे. अशा वेळी काही तासांचा विलंबही जिवावर बेतू शकतो.