निळ्या रंगाचा आठवडा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भीमजयंतीच्या तयारीसाठी चौथीच्या वर्गात निळ्या कागदाच्या पताका कापणे चालू होते. एक विद्यार्थी म्हणाला, "सर, निळा रंग आपला आहे ना?" त्याच्या शेजारी बसलेल्या, दुसऱ्या समाजातून आलेल्या मुलाने कात्री खाली ठेवली आणि विचारले, "मग माझा नाही का?"

इतिहासात एम. ए. केलेल्या माझ्यापाशी त्या नऊ वर्षांच्या मुलाला पटेल असे उत्तर तयार नव्हते. म्हणून पुढील आठवडाभर सर्व विषय निळ्या रंगाच्या आधारे शिकविण्याचे ठरविले. त्या आठवड्याची ही हकिकत पालक व माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे.

प्रारंभ भाषेपासून केला. मुलांनी फळ्यावर शब्द लिहिले : निळसर, आकाशी, अस्मानी, मोरपंखी, निळाई. एकाने 'मार लागून अंग काळेनिळे पडते' असे सांगितले. 'नीळ' म्हणताच सर्वांना पांढरा गणवेश धुताना शेवटच्या पाण्यात घालतात ती नीळ आठवली. ती नीळ आज कारखान्यातील वेगळ्या रंगद्रव्याची असते. परंतु तो शब्द मूळचा एका वनस्पतीचा आणि तिच्यापासून निघणाऱ्या रंगाचा आहे, हे समजल्यावर मुलांचे कुतूहल जागे झाले.

परिसर अभ्यासाच्या तासाला कुंपणावरील गोकर्णाची फुले गरम पाण्यात घातली. पाणी निळे झाले. त्यात लिंबू पिळताच ते जांभळे-गुलाबी झाले, खाण्याचा सोडा टाकल्यावर हिरवट झाले. आम्ल आणि अल्कली हे शब्द मी नंतर सांगितले. बदल मुलांनी आधी स्वतः पाहिला. 'एहिपस्सिको', म्हणजे 'या आणि पाहा', असे धम्माविषयी म्हटले जाते. प्राथमिक वर्गात विज्ञान शिकविण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

इतिहास व गणित यांची जोड निळीच्या शेतीने घातली. नीळ काढण्यासाठी झाडे हौदात कुजवीत, मजूर ते पाणी तासन्‌तास घुसळीत, तळाशी बसलेला निळा गाळ वाळवून त्याच्या वड्या पाडीत. बिहारमधील चंपारणच्या शेतकऱ्यांना दर २० कठ्ठ्यांपैकी ३ कठ्ठे जमिनीत मळेवाल्यांसाठी नीळ लावावी लागे. मुलांनी २० चौकटी आखून ३ रंगविल्या. अपूर्णांकाचा धडा झाला आणि एका मुलीने विचारले, "पण त्या जागेत त्यांनी खायचे काय लावायचे?" बंगालमधील शेतकऱ्यांनी १८५९ साली, तर चंपारणच्या शेतकऱ्यांनी १९१७ साली या जुलमाविरुद्ध लढा दिला. दरम्यान १८९७ पासून जर्मन कारखान्यातील कृत्रिम नीळ बाजारात आली होती आणि शेतातील निळीचा व्यापार ओसरू लागला होता. अंगावरील कपड्याच्या रंगामागे कुणाचे तरी कष्ट असतात, हे मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

शेवटच्या दिवशी झेंडे मांडले. बाबासाहेबांनी १९३६ साली स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचा झेंडा लाल होता, हे ऐकून मुले चकित झाली. १९४२ साली नागपुरात स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा ध्वज निळा होता, आणि तोच रंग पुढे चळवळीची ओळख बनला. आकाश सर्वांवर सारखेच असते, असा त्याचा अर्थ आपल्या समाजात सांगितला जातो. त्यानंतर राष्ट्रध्वज पाहिला. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या या ध्वजावरील २४ आऱ्यांचे अशोकचक्र निळे आहे, आणि ध्वजासाठी नेमलेल्या समितीत बाबासाहेब सदस्य होते. पंचरंगी धम्मध्वजात निळ्यासोबत पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी हेही रंग आहेत.

तो प्रश्न विचारणारा मुलगा चक्राचे आरे मोजीत होता. मोजून झाल्यावर म्हणाला, "मग हा माझापण आहे." पहिल्या विद्यार्थ्याने आपल्या पुढ्यातील निम्मे कागद त्याच्याकडे सरकविले. मला उत्तर द्यावे लागले नाही.

याच पुण्यातील महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्यासोबत शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्याचे धडे मागितले होते. शाळेतील विद्या मुलांच्या जगण्याशी जोडलेली असावी, असा बोध मी त्यातून घेतो. पालकांनी घरीही असा एखादा रंग निवडावा. हळदीचा पिवळा, मातीचा तांबडा, कोणताही चालेल. उत्तर सांगण्याची घाई मात्र करू नये.

निळ्या रंगावर आपले प्रेम आहे आणि ते असावेच. आपल्या मुलांनी तो रंग मिरवावा, त्याचबरोबर तो कुठून आला हेही जाणावे आणि शेजारी बसलेल्या मुलाच्या हातातही तो द्यावा, एवढीच अपेक्षा.

जय भीम! नमो बुद्धाय!