घोट्याची अस्थिरता : सैलपणा आणि स्थितिज्ञान

घोटा मुरगळला की अस्थिबंध ताणले जातात. पुढे काहींचा तोच पाय सपाट वाटेवरही वारंवार मुरगळू लागतो. या जुनाट अस्थिरतेचे मूळ केवळ सैल अस्थिबंधांत शोधणे अपुरे होय. कित्येकांचा सांधा तपासणीत घट्ट आढळतो, तरी पाय दगा देतोच.

१९६५ मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सक फ्रीमन व त्यांचे सहकारी यांनी असे प्रतिपादिले, की अस्थिबंधाबरोबर त्यातील संवेदी मज्जातंतूही दुखावतात व पायाच्या स्थितीचे ज्ञान मंदावते. डोलत्या फळीवर तोल सांभाळण्याचा व्यायाम त्यांनी याच विचारातून पुरस्कारिला. ही एकच उपपत्ती पुरेशी नाही, हे पुढील संशोधनाने दाखविले; व्यायाम मात्र टिकला. म्हणून भौतिकोपचारात स्नायूंच्या बळाइतकेच तोलाच्या शिक्षणालाही स्थान द्यावयास हवे.