'एमटीआय'

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, जालना रोडवरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या कॉल सेंटरमध्ये सकाळी साडेनऊला लॉगइन होतं. हेडफोन चढवला की नंबर फिरवायचा नसतो. डायलरच एकामागून एक फोन लावत सुटतो. कानात 'टुक' वाजतं, पलीकडून "हॅलो" येतं आणि त्याच क्षणी माणसाचा आवाज बदलतो. माझ्या शेजारची पैठणची मुलगी आत्ता मला "कामून हसता ओ सर?" म्हणत होती. तीच आता म्हणते, "नमस्कार, आपल्या हप्त्यासंदर्भात दोन मिनिटं बोलू शकते का?" वाक्य स्क्रिप्टचं, सूरही स्क्रिप्टचाच.

फोन संपला की पडद्यावर शेरा मारायचा: 'नंतर करा', 'नकार', 'राँग नंबर'. पाण्याचा घोट घेईपर्यंत पुन्हा 'टुक'.

सकाळी गंगापूरकडचा एक शेतकरी चांगलाच तापला होता. "कापूस इकल्याबिगर कुठून भरू?" स्क्रिप्टमध्ये याला उत्तर नव्हतं. तिच्या तोंडून आपसूक निघालं, "हौ दादा, समजतंय की." माणूस निवळला आणि त्यानं तारीख दिली.

दुपारी फोनांचा दर्जा तपासणाऱ्या क्यूएवाल्यानं नेमका तोच फोन काढला. तारीख मिळाल्याचे गुण मिळाले, बोलण्याचे कापले. रकान्यात लिहिलं, 'एमटीआय'. म्हणजे मातृभाषेची छाप. हा शब्द मुळात इंग्रजी फोनांच्या ट्रेनिंगमधला. इथं मराठी फोनवर मराठीचीच छाप दोष ठरली होती.

फोनवरच्या अशा बोलण्याचा अभ्यासही झालाय. जॅन पाडियोस या अभ्यासक बाईंनी फिलिपिन्समधल्या कॉल सेंटरवर 'अ नेशन ऑन द लाइन' हे पुस्तक लिहिलं (२०१८). ग्राहकाशी आपुलकीनं बोलणं हेही श्रमच आहेत, असं त्या दाखवतात. फिलिपिनो माणसाला अमेरिकनाशी बोलणं सहज जमतं, तो त्याचा स्वभावच, असं कंपन्या सांगतात. त्या सहजतेमागे १८९८ ते १९४६ ची अमेरिकी राजवट आहे. १९०१ मध्ये 'थॉमस' जहाजानं शेकडो अमेरिकी शिक्षक मनिलाला उतरवले. शाळेत मुरलेली ती इंग्रजी पुढं हेडफोनमध्ये विकली गेली.

आपल्याकडचा हिशेब वेगळा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य होतं आणि कचेरीत उर्दू. बाबासाहेबांचं मिलिंद कॉलेज १९५० चं, विद्यापीठ १९५८ चं. मुंबई-पुण्यात इंग्रजी शिकून पिढ्या नोकरीला लागल्या, तेव्हा इथं ती थोड्यांपुरतीच होती. आजही इंग्रजी फोनांच्या रात्रपाळीसाठी इथली पोरं पुण्याची बस धरतात. गावात राहतात त्यांच्या वाट्याला मराठी-हिंदी फोन येतात. तिथंही मराठी पुण्याची लागते आणि हिंदी टीव्हीवरची. साहेब गेला, पण शुद्ध बोलण्याचा दरारा राहिला.

आणि हे घडतं कुठं, तर कवी वलीच्या गावात! १७०० मध्ये वली औरंगाबादी दिल्लीला गेला आणि फारसीत रमलेल्या तिथल्या कवींना त्याच्या दखनीनं भुरळ घातली. त्या बोलीतला 'हौ' आज इथं गुण कापतो.

संध्याकाळी पाचला पुन्हा 'टुक'. पलीकडून थकलेला आवाज आला, "बोल माय." रेकॉर्डिंग सगळ्याच फोनांचं होतं, क्यूए त्यातले मोजकेच ऐकतो, हे तिला ठाऊक आहे. तिनं एकदा त्याच्या टेबलाकडं पाहिलं.

"हौ काका," ती म्हणाली.